घरीच तर असतेस!



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला पुण्याची एक मैत्रीण एक कागद घेऊन आली. संगणकाच्या कंपनीत ती चौदा वर्षं नोकरी करते आहे. २०२० च्या टाळेबंदीत सगळ्यांबरोबर तिचंही काम घरी आलं. पुढे कंपनीने कचेरीची अर्धी जागाच सोडून दिली आणि काम घरीच राहिलं. ही कंपनी दर वर्षी सगळ्यांना एक प्रश्नावली पाठवते. त्यातला एक प्रश्न असा : घरून काम करताना तुम्ही किती समाधानी आहात? एक ते पाच यांतला आकडा निवडा. हिने चार निवडला होता.

कागद दाखवता दाखवता ती रडायला लागली. आम्हा कोणालाच कळेना. पाचापैकी चार म्हणजे चांगलेच गुण झाले, मग रडू कशाचं? एकीने सरळ विचारलं, "मग चार का टाकलेस?" ती म्हणाली, "पाच टाकले असते तर खोटं झालं असतं. आणि तीन टाकले, तर उद्यापासून रोज हिंजवडीला या म्हणतील. मग सासूबाईंची औषधं कोण बघणार, आणि मुलाला शाळेच्या बसवरून कोण आणणार?"

या अंकाची आखणी त्या दिवशी बदलली. आम्ही खरं तर निवडणुकांवर अंक काढणार होतो. तो पुढच्या खेपेला.

त्या चाराचं काय होईल, याचा विचार करा. कंपनीतला कोणीतरी तो इतरांच्या आकड्यांत मिळवील, सरासरी काढील, आणि घरून काम करणाऱ्या बायका समाधानी आहेत असं एका रंगीत तक्त्यात लिहील. तो तक्ता वर जाईल. वर्तमानपत्रात बातमी येईल. आणि बायकांना घरच बरं, हे जे आपल्या आज्यांना सांगितलं जायचं, ते आता बायकांच्याच तोंडून वदवून घेतलेलं असेल. हिच्या चारात मात्र कामाबद्दलचं समाधान किती होतं? हिंजवडीच्या रस्त्याचं भय होतं, पाळणाघराचा अभाव होता, नवऱ्याने कधीच न उचललेली अर्धी जबाबदारी होती. हे सगळं मिळून चार!

म्हणून या खेपेला समाधान या शब्दाकडेच जरा नीट बघायचं ठरवलं.

घरून काम ही २०२० सालची देणगी नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. सोलापूरच्या पूर्वभागात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरूनच काम करताहेत. तेंदूची पानं आणायची, भिजवायची, मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, मोजून गड्ड्या करायच्या आणि ब्रँचवर नेऊन द्यायच्या. मजुरी हजार विड्यांमागे. मुंबईच्या वस्त्यांमधून शर्टांची बटणं लावणाऱ्या, धागे कापणाऱ्या, खोट्या दागिन्यांचे मणी ओवणाऱ्या बायकाही घरूनच काम करतात. त्यांच्या कामाला कोणी इंग्रजी नाव दिलं नाही, की त्यांच्या समाधानाचा आकडा विचारला नाही. इंजिनियर बाईचं काम घरी आल्यावर मात्र मानसशास्त्र जागं झालं. हा टोमणा आमच्या पुण्याच्या मैत्रिणीला नाही. या दोघींच्या घरात नक्की काय सारखं आहे, ते शोधायला हवं, एवढ्यासाठी म्हटलं.

मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी आंध्रातल्या नर्सापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. लेस परदेशी जात होती, व्यापाऱ्यांचे वाडे उठत होते आणि बायका घरकाम सांभाळून दिवसाचे कितीतरी तास सुईवर डोळे लावून बसत होत्या. तरी व्यापारी म्हणत, या गृहिणी आहेत, रिकामा वेळ घालवतात. बायकाही स्वतःबद्दल तेच म्हणत. घरी बसते म्हणून ती कामगार नाही, आणि कामगार नाही म्हणून मजुरी हवी तेवढी खाली नेता येते. मीसबाईंनी आणखी एक गोष्ट टिपली, आणि ती आपल्याला टोचायला हवी. घरात बसून काम करण्याचा या बायकांना अभिमान होता. उन्हात शेतावर राबणाऱ्या दलित बायकांपेक्षा आपण वरच्या, ही भावना त्यात होती. पोटाला पुरेसं मिळत नव्हतं, पण उंबरठा ओलांडावा लागत नव्हता, याचं समाधान मिळत होतं. म्हणजे समाधानालाही जात असते. ते कोणाशी तुलना करून मिळालं आहे, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

मग काम करणाऱ्या माणसाला खरोखर काय हवं असतं? पगार हवाच. पण पगाराशिवाय काय? याचं मला पटलेलं उत्तर एका बाईनेच दिलेलं आहे, आणि तेही बेकारीचा अभ्यास करून. मारी याहोडा ही ऑस्ट्रियाची मानसशास्त्रज्ञ. व्हिएन्नाजवळ मारीएन्टाल नावाचं गिरणीवर जगणारं गाव होतं. मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला, आणि १९३३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी काय काय मोजलं, ते वाचून थक्क व्हायला होतं. रस्त्याने माणसं किती वेगाने चालतात, हेसुद्धा त्यांनी घड्याळ लावून मोजलं. पुरुष रेंगाळत चालायचे, जागोजागी थांबायचे. बायका भरभर चालायच्या. सकाळपासून काय केलंत, असं विचारलं तर पुरुषांना धड सांगता यायचं नाही. बायकांचा दिवस मात्र भरलेलाच होता. चूल, धुणं, मुलं, आणि नसलेल्या पैशांतून संध्याकाळचं जेवण उभं करणं. त्यांचा फक्त पगार गेला होता, काम नव्हतं गेलं.

गिरणी असताना या बायका आठ तास यंत्रावर उभ्या राहून घरी येऊन पुन्हा रांधत होत्या. आता निदान एक ओझं उतरलं होतं. तरी त्या म्हणाल्या, गिरणी सुरू झाली तर आम्ही परत जाऊ, आणि ते काही केवळ पैशासाठी नाही. गिरणीत चार माणसं भेटायची, जग जरा मोठं असायचं. आपल्याकडे १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या ज्या बायकांनी घरी बसून खानावळी चालवल्या, पापड लाटले, शिवणयंत्र धरलं, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

याहोडाने पुढे या निरीक्षणांची मांडणी केली. नोकरी पगाराबरोबर न मागता आणखी काही देते. दिवसाला आकार देते. घरच्यांपलीकडची माणसं देते. एकट्याने न होणारी गोष्ट दहा जणांनी मिळून केल्याचा अनुभव देते. समाजात एक ओळख देते, आणि हातांना रोजचं, ठरलेलं काम देते. आता हीच फूटपट्टी घरून काम करणाऱ्या बाईला लावून बघा. हातांना काम आहे, हवं त्यापेक्षा जास्तच आहे. बाकी चारांचं काय?

दिवसाला आकार राहत नाही. कचेरीतून बाहेर पडलं की काम संपायचं आणि घर सुरू व्हायचं. मधला तास-दीड तास लोकलमध्ये जायचा. विरारच्या लोकलची स्तुती करण्याचा माझा मुळीच इरादा नाही. पण बायकांच्या डब्यात भाजी निवडत, एकमेकींची डोकेदुखी ऐकत, श्रावणात डब्यातच हळदीकुंकू करत ज्यांनी वीस-वीस वर्षं काढली, त्यांना विचारा. त्या म्हणतात, तेवढाच वेळ आमचा होता. तिथे कोणी आई म्हणून हाक मारत नव्हतं आणि कोणी मॅडम म्हणूनही नाही. काम घरी आलं आणि तो मधला वेळ गेला. आता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला सहा पावलं लागतात. त्या सहा पावलांत मन कसं बदलणार? मीटिंग चालू असताना कान कुकरच्या शिट्ट्या मोजतात, आणि कणीक मळताना डोक्यात मीटिंग चालू राहते. दोन्हीकडे आपण कमी पडतो, असं वाटत राहतं. जे अपुरेपण वेळेचं आहे, ते बाई स्वतःचं मानून बसते.

ओळखीचं तर बोलायलाच नको. कचेरीत जाणाऱ्या बाईचं काम कोणाला आवडो न आवडो, निदान दिसत असतं. पर्स घेऊन ती दाराबाहेर पडते, म्हणजे ती कामाला गेलेली असते. घरातल्या घरात टेबलाशी बसलेली बाई मात्र 'घरीच' असते. गॅसवाला आला, पार्सल आलं, नणंदेचा फोन आला, शेजारणीला किल्ली ठेवायची आहे, की "तू घरीच तर असतेस!" हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, म्हणून त्यावर भांडताही येत नाही. पण दिवसातून दहा वेळा ते ऐकलं की आपण करतो ते काम आहे की नाही, याचा आपल्यालाच संशय यायला लागतो. विडी वळणाऱ्या बाईच्या बाबतीतही हेच घडतं. नवरा यंत्रमागावर जातो तो 'कामाला'. ती दिवसभर वळते ती 'घरी बसून विड्या'.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये कोण आपला वेळ कसा घालवतं याची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. (हे ८८ देखील जे पुरुष मुळात काही करतात, त्यांचे आहेत. जे काहीच करत नाहीत, ते हिशेबात धरलेले नाहीत.) २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. मधल्या पाच वर्षांत एक महासाथ येऊन गेली, लाखो पुरुष महिनोन्‌महिने घरी बसले, भांडी घासतानाचे फोटोही आपण पाहिले. त्यांची मिनिटं नऊने कमीच झाली.

तरीही बायका घरून काम मागतात. का? आपल्या चळवळीतल्या काही जणींना याचं उत्तर सोपं वाटतं. बायकांच्या डोक्यात घर भिनलेलं आहे, असं त्या म्हणतात. संपादक गटातच यावर दोन बैठका वादात गेल्या. 'उंबरठ्याबाहेर पडा' ही आपली जुनी हाक. ती आपण इतकी वर्षं दिली, की आता उंबरठ्याच्या आत राहून कमावणारी बाई आपल्याला हरलेली वाटते. एक मैत्रीण चाकाच्या खुर्चीवरून काम करते. ती म्हणाली, "तुमच्या बाहेरच्या जगात मला जिना चढता येईल असं एक ऑफिस दाखवा, मग मी घरून कामाला विरोध करते." दुसरीचं म्हणणं असं : जेवणाच्या सुट्टीत आपला डबा पाहून आपलं आडनाव हुडकणारी माणसं आता समोर नसतात, हेच तिला पगारवाढीसारखं वाटतं. तिसरीला वरिष्ठाच्या नजरेपासून सुटका मिळाली होती. या तिघींचं समाधान खोटं आहे, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. ते खरंच आहे. पण तिघींनाही ते बाहेरचं जग न बदलल्यामुळे मिळालेलं आहे. त्या घरात गेल्या, आणि जिना, डबा, नजर जिथल्या तिथे राहिली.

याच्या उलटही आहे. टाळेबंदीत राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरातल्या मारहाणीच्या तक्रारी वाढल्या. ज्यांना फोन करायलाही आडोसा नव्हता, त्यांची मोजदाद कोण करणार? त्या महिन्यांत एक बाई आम्हाला न्हाणीघरात नळ सोडून फोन करायची. नोकरीचे आठ तास हेच तिचं माहेर होतं, आणि ते माहेर एका दिवसात तिच्या सासरी येऊन बसलं. तिलाही कंपनीने समाधानाचा आकडा विचारलाच असेल.

तेव्हा 'घर की कचेरी' हा प्रश्नच चुकीचा मांडला जातोय, असं मला वाटतं. कामाचं सुख जागेत नसतं. आपल्या वेळेवर आपला ताबा किती आहे, यात ते असतं. घरून काम करण्यातलं खरं आकर्षण याच ताब्याचं आहे : मी माझ्या सोयीने उठेन, डोक्यावर साहेब नसेल. पण ताबा दोन बाजूंनी असावा लागतो. काम कधी करायचं, हे जसं माझ्या हाती हवं, तसं कामाच्या वेळी मला कोणी हाक मारायची की नाही, हेही माझ्या हाती हवं. पहिला ताबा कंपनी देते, निदान देते असं म्हणते. दुसरा घराने द्यायचा असतो. आमच्या पुण्याच्या मैत्रिणीच्या घरी दोन खोल्या आहेत. दोघंही संगणकावरच काम करतात. दाराची खोली नवऱ्याला मिळाली, कारण त्याच्या मीटिंगा महत्त्वाच्या. हिचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला. हे कधी ठरलं, असं विचारल्यावर ती विचारात पडली. ठरलं असं नव्हतंच. तसं झालं होतं.

या दाराचं महत्त्व एका प्रयोगात अगदी सहज दिसून येतं. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीत २०१० च्या अखेरीस तो सुरू केला. फोनवर बुकिंग घेणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी ज्यांची इच्छा होती, त्यांतल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकतात तसं निवडून नऊ महिने आठवड्याचे चार दिवस घरून काम करायला दिलं. त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले, आणि त्यांनी सांगितलेलं समाधानही वाढलं. घरून कामाची बाजू मांडणारे सगळे इथेच थांबतात. पण पुढचं वाचायला हवं. काम तेवढंच चांगलं असूनही घरी बसलेल्यांना बढत्या कमी मिळाल्या. जे डोळ्यांसमोर नाहीत, ते साहेबांच्या मनातही राहिले नाहीत. आणि प्रयोग संपल्यावर, आता तुम्हाला हवं ते निवडा, असं सांगितलं, तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी निम्मे कचेरीत परत आले. एकटेपणा सोसवला नाही, हे त्यातलं मोठं कारण. ज्यांनी आपल्या मनाने निवडलं, त्यांचं काम मग आणखी सुधारलं. फायदा २२ टक्क्यांपर्यंत गेला.

आणि या प्रयोगात भाग घ्यायचा, तर घरी कामासाठी स्वतंत्र खोली हवी अशी अट होती! शास्त्रज्ञांनी ती सहज घातली असेल. आपल्याकडे ही अट लावली, तर किती घरं उरतील? त्यातल्या किती घरांत ती खोली बाईला मिळेल?

सोलापूरला विडी कामगार बायकांच्या घरांसाठी लढा झाला. संघटनेने तो वर्षानुवर्षं चालवला आणि २००६ मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. घर ही ज्यांच्यासाठी कामाचीच जागा, त्यांनी घर मागणं म्हणजे एका अर्थाने कारखान्यात उजेड, वारा आणि छप्पर मागणंच. तंबाखूचा खकाणा ज्या खोलीत उडतो, त्याच खोलीत तान्हं मूल झोपतं, हे त्या बायका इतकी वर्षं सांगत होत्या. त्याआधीही एक लढाई जिंकावी लागली होती. घरी विडी वळणारी बाई आमची कामगारच नाही, असं कारखानदार म्हणत. १९६६ च्या कायद्याने मालकाकडून वा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी वळणारी ही कामगारच, असं म्हटलं. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७४ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला.

मला वाटतं, हे जमलं याचं एक कारण त्या ब्रँचच्या रांगेत आहे. बाई वळते घरी, पण माल द्यायला तिला जावंच लागतं. रांगेत उभं राहावं लागतं. तिथे कळतं की आपल्याच विड्या नाकारल्या नाहीत, हिच्याही नाकारल्या, तिच्याही नाकारल्या. जो दोष आपला वाटत होता, तो कोणाचा आहे हे रांगेत उलगडतं. रांगेचे हाल मी विसरलेले नाही, त्यात दिवस मोडतो. तरी संघटनेची पत्रकं वाटली गेली ती त्याच रांगेत. लिज्जत पापडाचंही तसंच. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन ते सुरू केलं. पीठ शाखेतून न्यायचं, घरी लाटायचं आणि पापड शाखेत आणून द्यायचे. लाटणं घरात चालतं, पण रोज शाखेत जावं लागतं, आणि तिथे त्या मालकीणही आहेत. ठेकेदाराकडून पीठ घेऊन एकटीने लाटणारीचं पोळपाट-लाटणं तेच, पण तिचं मन वेगळं असतं.

संगणकावर काम करणाऱ्या आमच्या मैत्रिणीला ही रांग नाही. तिच्या चुका फक्त तिच्याच पडद्यावर दिसतात. तिच्या बरोबरीच्या सहाजणींना या वर्षी बढती मिळाली नाही, हे तिला आमच्या बैठकीला येईपर्यंत माहीत नव्हतं, कारण तिने कोणाला विचारलंच नव्हतं. विचारणार कुठे? पाणी प्यायला उठल्यावर भेटणारी माणसं राहिलेली नाहीत. मनातलं लिहावं, तर ते कंपनीच्याच यंत्रावर लिहावं लागतं.

कायद्याचं थोडं सांगते, कारण मागण्या ठरवताना ते लागेल. २०१७ मध्ये बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात दुरुस्ती झाली. रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा अधिक माणसं काम करतात तिथे पाळणाघर आवश्यक ठरलं, आणि रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर मालकाच्या संमतीने आईला घरून काम करता येईल, असंही त्यात आलं. आपण तेव्हा रजेचं स्वागत केलं. घरून कामाच्या तरतुदीकडे मात्र पुरेसं लक्ष दिलं नाही. ती फक्त आईसाठी आहे. बापाचं नावही त्यात नाही. ज्या मालकाला पाळणाघराचा खर्च नको आहे, त्याच्या हाती तिने एक सोयीची पळवाट दिली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरी काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. घरी काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक आणि संघटनेचा हक्क तो मानतो. इला भट्ट आणि 'सेवा'च्या बायकांनी त्यासाठी केवढी खटपट केली होती! भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मात्र कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही आहे. रात्री अकराला कॅमेरा लावून बोल म्हणणारा वरिष्ठ त्यात येऊ शकतो, हे आपल्या किती मैत्रिणींना माहीत आहे?

गटात शेवटी एकमत झालं नाही, पण एवढं ठरलं : 'स्त्रियांना घरून काम द्या' अशी मागणी आपण करायची नाही. घरून काम मागायचं, तर बाप्यांसकट सगळ्यांसाठी मागायचं, आणि परत कचेरीत यायचा हक्क त्याच कागदावर लिहून घ्यायचा. कामाची वेळ कुठे संपते, विजेचं बिल कोण भरतं, आठवड्यातून एकदा तरी सगळ्या समोरासमोर कुठे भेटतात, हेही त्यात यायला हवं. पाळणाघराची मागणी मुळीच सोडायची नाही. मला स्वतःला सक्तीच्या भेटीच्या दिवसाबद्दल शंका आहे. आमच्या चाकाच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीने तो मुद्दा काढला आहे, आणि तिचं पत्र या अंकात दिलं आहे. ते आधी वाचा.

शेवटच्या पानावर आपलीही एक प्रश्नावली आहे. त्यात एक ते पाच आकडे नाहीत. तुमच्या घरी दार लावून घेता येईल अशी जागा कोणाच्या वाट्याला आली, हा पहिला प्रश्न आहे. काम करताना गेल्या आठवड्यात किती वेळा उठावं लागलं, कोणासाठी? बरोबरीने काम करणाऱ्या किती जणींचा पगार तुम्हाला माहीत आहे? उद्या घराजवळ चांगलं पाळणाघर निघालं आणि घरकाम खरोखर निम्मं वाटलं गेलं, तर तुम्ही घरून काम कराल की बाहेर जाल? विडी, पापड, शिवण, शिकवण्या, संगणक, काहीही घरी करत असाल तरी भरा. लिहिता येत नसेल त्या मैत्रिणीला विचारून तुम्ही भरा. पोस्टाने पाठवा, फोनवर बोलून पाठवलं तरी चालेल. पुढच्या अंकाच्या आत हवं.

पुण्याच्या मैत्रिणीनेच ती प्रश्नावली तपासून दिली. तिने त्यात आपल्या हाताने एक प्रश्न वाढवला आहे : 'घरीच तर असतेस' हे तुम्हाला या आठवड्यात कोण कोण म्हणालं, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?